स्वस्त ताट महाग पडतं तेव्हा: पाच जणांच्या एका घराचा हिशेब

घर पाच जणांचं. नवरा-बायको दोघंही कामावर जाणारे, मोठा मुलगा चौदा वर्षांचा, धाकटी मुलगी नऊ वर्षांची आणि सत्तरी ओलांडलेली आजी. नवऱ्याच्या कामाचे तास कमी झाले आणि घरात येणारा पैसा जवळपास एक तृतीयांशाने घटला. भाडं, शाळा, आजीची औषधं यांत काही कमी होण्यासारखं नव्हतं, त्यामुळे सगळा ताण आला तो स्वयंपाकघरावर. खाण्यावर १०० जात होते तिथे ७० मध्ये भागवायचं, असं दोघांनी ठरवलं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून रक्कम इथे देत नाही. कमाई घटण्याआधीच्या महिन्यातला खाण्याचा एकूण खर्च १०० धरला आहे आणि पुढचे सगळे आकडे त्याच मापात आहेत.

कात्री स्वयंपाकघरालाच का लागते, हे समजून घेण्यासारखं आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांचे जमाखर्च तपासून मांडलं होतं की घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला मोठा हिस्सा अन्नावर जातो. शिवाय भाडं महिन्यातून एकदा ठरलेलं द्यावं लागतं, पण खाण्याचा खर्च रोज हातात असतो. आज थोडं कमी आणता येतं, उद्या आणखी थोडं. या घरातही तसंच झालं, आणि जे कमी केलं ते चुकीच्या ठिकाणी केलं.

पहिली कात्री

आधीच्या महिन्यात १०० पैकी २२ तांदूळ-गव्हावर जात होते, १५ डाळी, कडधान्य आणि शेंगदाण्यांवर, २२ दूध, अंडी आणि मांसावर, १८ भाज्या-फळांवर, १३ तेल, साखर, मसाले, चहा यांवर आणि १० बाहेरच्या किंवा पाकीटबंद खाण्यावर. दोघांनी यादी समोर ठेवली आणि किलोला जे महाग दिसलं त्यावर काट मारली. मांस आणि अंडी बंद. दूध निम्मं. शेंगदाणे बंद. डाळ आणि कडधान्य रोज शेंगदाण्यांसकट सुमारे ३०० ग्रॅम लागायचं, ते १०० ग्रॅमवर आलं. त्याच डाळीत पाणी वाढवलं आणि भाताचा ढीग मोठा केला.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी बेरीज आली ९१. एवढी ओढाताण करून नऊच वाचले होते. डाळींचे १५ वरून ५ झाले होते, दूध-अंडी-मांसाचे २२ वरून १०, भाज्यांचे १८ वरून १५, तेल-साखरेचे १३ वरून १२. धान्य मात्र २५ वर गेलं होतं आणि बाहेरचं खाणं १० वरून थेट २४ वर. घरातल्या कोणालाच हे खरं वाटेना. 'आम्ही बाहेर काही खातच नाही,' असं आईचं ठाम म्हणणं होतं. ते तिच्या परीने खरंही होतं, कारण हॉटेलात कोणी गेलं नव्हतं.

म्हणून मी त्यांना दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. काय घेतलं, कितीला घेतलं आणि किती वाजता घेतलं, एवढंच लिहायचं. तिसरा रकाना सहसा कोणी ठेवत नाही, आणि मला वाटतं घरखर्चाच्या वह्या इतक्या कमी उपयोगी पडतात त्याचं एक कारण हेच आहे. या घरातलं दुखणं त्या वेळेच्या रकान्यातच सापडलं. पाकिटं, बिस्किटं, पाव, तळलेले पदार्थ यांच्या जवळपास सगळ्या नोंदी दोनच वेळांना होत्या: दुपारी चार ते सात, आणि रात्री दहानंतर. एकेक नोंद किरकोळ होती. मुलाची दोन पाकिटं, मुलीचं एक, बाबांनी कामावरून येताना घेतलेला पाव. पंधरा दिवसांची बेरीज केली तेव्हा कापलेल्या डाळीपेक्षा ती जास्त भरली.

ताट भरलेलं, पोट रिकामं

मुलं दुपारी एकला भात आणि पातळ डाळ खात होती. चार वाजता परत भूक. आई-वडील साडेसातनंतर घरी, आणि जेवण नऊला. म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांनी आठ तास काढायचे, तेही जवळजवळ नुसत्या भातावर. मुलांना चटक लागली आहे, असं आजीचं मत होतं. वही पाहिल्यावर मला ते पटलं नाही. त्यांना भूक लागत होती आणि हाताशी जे मिळत होतं ते ती खात होती.

पोट भरण्याचं मोजमाप करण्याचा एक जुना प्रयत्न इथे कामी येतो. सिडनी विद्यापीठातल्या सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० किलोकॅलरी भरेल एवढाच द्यायचा आणि पुढचे दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, पोट किती भरलेलं वाटतं ते विचारायचं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, केकला ६५ आणि लोणीदार क्रॉसाँला ४७. माणसं थोडी होती आणि वेळ दोनच तासांची, त्यामुळे त्या आकड्यांना फार ताणू नये. पण दिशा स्पष्ट आहे. ज्यात पाणी, चोथा आणि प्रथिनं जास्त, ते पोटाला जास्त आधार देतं. ज्यात स्निग्धांश जास्त, ते तेवढ्याच उष्मांकांत कमी. चार वाजता पाकिटातून जे पोटात जात होतं, ते नेमकं दुसऱ्या गटातलं होतं. म्हणून सातला पुन्हा भूक.

प्रथिनांचा हिशेब वेगळा मांडला. प्रौढ माणसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालातलं प्रमाण आहे. मुलांना किलोमागे थोडी जास्त लागतात. पाच जणांची वजनं मिळून २४३ किलो होती, म्हणजे घराची गरज दिवसाला २०० ग्रॅमच्या थोडी वर. कात्रीनंतरच्या ताटांत ढोबळ मानाने १८० ग्रॅम येत होती, आणि त्यातली बहुतेक तांदूळ-गव्हातून. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं एक) कमी असतं. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, त्यांची उणीव असते ती मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची, आणि ते धान्यातून मिळतं. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात पोटात गेली तरी चालतात. या घराने त्या जोडीतला एक भिडू जवळपास काढूनच टाकला होता.

आणि तो काढला होता किलोचा भाव बघून. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७. म्हणजे डाळ तांदळाच्या तिप्पट भावाने घेतली तरी प्रथिनाचा भाव सारखाच पडतो. एक लिटर दुधातली प्रथिनं दीडशे ग्रॅम डाळीत मिळतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे शंभर ग्रॅम डाळ जवळपास पावणेचार अंड्यांच्या बरोबरीची. डाळीतली प्रथिनं दुधा-अंड्यांइतकी सहज पचत नाहीत, हे खरं. तरीही आपल्या बाजारातले भाव घालून ही तुलना प्रत्येकाने एकदा कागदावर करावी, असं मी आग्रहाने म्हणेन. शिवाय शिजल्यावर कडधान्याचं वजन दुपटी-अडीचपटीने वाढतं. कोरड्या डाळीचा किलो आणि ओल्या भाजीचा किलो शेजारी ठेवून भाव बघणं म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजणं.

चार वाजताचं जेवण

मांडणी बदलताना पहिला निर्णय कमी करण्याचा नव्हता, हलवण्याचा होता. दिवसातलं सगळ्यात भरीव खाणं रात्री नऊवरून दुपारी चारवर आणलं. डाळी-कडधान्य आणि शेंगदाणे पुन्हा रोजच्या ३०० ग्रॅमवर गेले, आणि त्यातला मोठा वाटा चारच्या भांड्यात. उकडलेले हरभरे किंवा वाटाणे, उकडलेला बटाटा, कांदा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, वर लिंबू आणि मीठ-तिखट. मुलगा शाळेतून आल्यावर स्वतः कालवून घेऊ शकेल इतकं सोपं. बटाट्याला उगीच बदनाम करू नये. उकडलेला असेल तर तो पोटाला चांगला आधार देतो; प्रथिनं शंभर ग्रॅमला जेमतेम दोन, म्हणून त्याला कडधान्याची सोबत हवी.

पहिल्या आठवड्यात मुलाने भांडं तसंच ठेवलं आणि पाकीट आणलं. हे होणारच होतं. पाकिटाला कुरकुरीतपणा असतो, चव जिभेवर लगेच लागते. गारढोण उकडलेल्या हरभऱ्यांनी त्याच्याशी कसली बरोबरी करायची? आईने मग हरभरे निथळून चमचाभर तेलात लसूण-तिखटावर खरपूस परतून ठेवायला सुरुवात केली. वाढलेलं तेल किती, तर चमचाभर. चवीवर एवढा खर्च झालाच पाहिजे, यात मला जराही शंका नाही. स्वस्त जेवण बेचव असलं तर ते कोणी खात नाही, आणि न खाल्लेलं अन्न हे सगळ्यात महाग अन्न.

रात्रीचं जेवण हलकं झालं, पण दहानंतरच्या नोंदी हळूहळू कमी झाल्या. बाबांचा पाव टिकून राहिला. त्यांना कामावरून निघताना भूक लागायची आणि घर तासभर दूर. त्यांच्या पिशवीत शेंगदाणे आणि गुळाचा डबा जायला लागला तेव्हा तो सुटला.

शिजवण्याची बाजू

दोघंही कामावर असल्यावर रोज कडधान्य भिजवा-शिजवा हा सल्ला निरुपयोगी ठरतो. त्यांनी आठवड्यातले दोन दिवस ठरवले. आदल्या रात्री भिजवायचं, सकाळी प्रेशर कुकरमध्ये एकदम शिजवायचं, गार करून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. एकाच भांड्यातले हरभरे एकदा परतून, एकदा रश्श्यात, एकदा ठेचून त्याच रश्श्याला दाटपणा आणायला. कुकरच्या आत दाब वाढल्याने पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, म्हणून वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं. इंधनाचा खर्च खाण्याच्या वहीत धरला जात नाही, पण पैसे त्याच खिशातून जातात.

काही वेळा कडधान्य शिजतच नाही म्हणून ते टाकून दिलं जायचं. त्याची कारणं साधी असतात. उष्ण आणि दमट जागी फार दिवस पडलेलं कडधान्य कितीही भिजवलं तरी कडक राहतं. टोमॅटो, चिंच, लिंबू आधी घातलं तर आंबटपणामुळे साल मऊ पडायला वेळ लागतो, ते शिजल्यावर घालावं. मिठाची भीती मात्र बाळगू नये. भिजवणाच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर साल उलट लवकर नरम होते. खाण्याच्या सोड्यानेही मऊ होतं, पण त्यात थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून ती सवय लावून घेऊ नये.

एका गोष्टीत कसलीही तडजोड नको. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळ उकळल्याशिवाय ते जात नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा सल्ला अर्धा तास उकळण्याचा आहे. इंधन वाचवायचं म्हणून मंद आचेवर तासन्‌तास ठेवलेला अर्धकच्चा राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो.

दुसरा धोका याच घरात रोज घडत होता. सकाळी केलेला जास्तीचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर झाकून राहायचा. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्याने मरत नाहीत आणि कोमट भातात वाढून जे विष तयार करतात त्यातलं एक पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, नाहीतर लागेल तेवढाच, असा नियम झाला.

आजी आणि आई

'कडधान्याने माझं पोट गच्च होतं, मला नको,' असं आजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तक्रार रास्त होती. कडधान्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओजसारख्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवलेलं पाणी ओतून दिलं की त्या थोड्या कमी होतात. सालासकट कडधान्याऐवजी साल काढलेली डाळ पचायला सोपी, आणि एकदम वाढवण्यापेक्षा आठवड्या-आठवड्याने वाढवलेली बरी. आजींसाठी डाळ-तांदूळ एकत्र, अगदी मऊ शिजवून त्यात बारीक चिरलेली भाजी घालायचं ठरलं. दातांचीही सोय झाली. दूध आणि अंडी पूर्ण बंद ठेवणं या वयात आणि मुलांच्या वयात योग्य नव्हतं, कारण बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. मांस क्वचितवर आलं, दूध मुलगी आणि आजी यांच्यापुरतं आणि अंडी आठवड्यातले तीन-चार दिवस परत आली.

आईबद्दल कोणीच बोललं नव्हतं, ती स्वतःही नाही. वहीत शेवटच्या आठवड्यात कोणी काय आणि किती खाल्लं तेही लिहायला सांगितलं, तेव्हा दिसलं की पातळ डाळीतलाही तळाचा दाट भाग मुलांच्या ताटात जातो, बाबांना त्यानंतर, आणि आईच्या वाट्याला भात आणि पाणी. दुपारी कामावर ती दोनदा चहा घेऊन वेळ मारून नेत होती. तिला चक्कर येत होती आणि ती झोप कमी झाल्यामुळे असेल असं तिला वाटत होतं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते यानेच. तंगीत घरातलं अन्न सर्वांच्या ताटातून सारखं कमी होत नाही. जो वाढतो त्याच्या ताटातून ते आधी कमी होतं, आणि महिन्याची बेरीज कितीही जुळली तरी ते हिशेबात दिसत नाही.

यावर गोड बोलून काही होणार नव्हतं, म्हणून वाढण्याची पद्धत बदलली. पाचही ताटं ओट्यावर एकाच वेळी भरायची आणि मगच बाहेर न्यायची. भांडं तळापासून ढवळून वाढायचं. आणखी हवं असेल तर भात, डाळीचा पहिला वाटा मात्र प्रत्येकाचा ठरलेला. आईचा जेवणालगतचा चहा तासभर पुढे गेला, कारण चहातल्या टॅनिनमुळे धान्य-कडधान्यातलं लोह कमी शोषलं जातं. उलट लिंबातल्या क जीवनसत्त्वाने ते जास्त शोषलं जातं. तिला रक्त तपासून घ्यायलाही सांगितलं. चक्कर हा प्रश्न नुसता स्वयंपाकाने सोडवायचा नसतो.

तीन महिन्यांनी

बेरीज ७२ आली. धान्य २२, डाळी-कडधान्य-शेंगदाणे १५, दूध-अंडी-मांस ९, भाज्या-फळं १२, तेल-साखर-चहा ९, बाहेरचं ५. ठरवलेल्या ७० पर्यंत ते पोहोचले नाहीत आणि आणखी दोन काढायचा आग्रह मी धरला नाही. डाळींवरचा खर्च कमाई घटण्याआधी होता तेवढाच परत आला आहे, आणि तरीही एकूण खर्च १०० वरून ७२ वर आला. ताटांतली प्रथिनं आता ढोबळ मानाने घराच्या गरजेएवढी भरतात.

भाज्यांमधली बचत हंगामातल्या, टिकाऊ भाज्यांमुळे झाली: कोबी, गाजर, भोपळा. कोबीचे दांडे, मुळ्याचा पाला जे आधी फेकलं जायचं ते रश्श्यात जायला लागलं. मोठ्या पिशव्या घेतल्याने भाव कमी पडतो हे खरं, पण हातात पैसा कमी असताना तो पिशवीत अडकवणं परवडत नाही. त्यांनी फक्त तांदूळ आणि एक डाळ मोठी घेतली, कारण ती महिन्यात संपतेच.

न सुटलेल्या गोष्टीही आहेत. १२ मध्ये फळं नावापुरतीच बसतात. मुलाची भूक अजून वाढेल आणि धान्याचे २२ पुरणार नाहीत. सुट्टीच्या दिवशी सगळे घरी असतात तेव्हा चारचं भांडं दोनलाच संपतं आणि पाच वाजता पाकीट येतं. बाहेरच्या ५ पैकी बहुतेक त्याच दिवसांचे आहेत. कमाई आणखी घटली तर या मांडणीतून काढण्यासारखं फार काही उरलेलं नाही, हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. तेव्हा प्रश्न स्वयंपाकाचा राहणार नाही. ती वेळ आली तर मिळेल ती मदत मागायची, आणि ती मागायला ताटं अर्धी होईपर्यंत थांबायचं नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तोपर्यंत पुढच्या महिन्यासाठी एवढंच ठरलं आहे की सुट्टीच्या दिवशी कडधान्य दीडपट भिजवायचं आणि साखरेतून वाचलेला एक भाग केळ्यांवर घालायचा.